प्रसाद आणि परिभाषा : ख्रिस्तपुराणाच्या निमित्तानें

गेल्या श्रावणांत मुळशी तालुक्यांतील एका खेड्यांत आमचा आठ दिवस मुक्काम होता. मुळशीचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस तेथें घरांत बसून वाचण्यावांचून दुसरा उद्योग नसतो हें सांगावयास नको. बरोबर नेलेल्या पुस्तकांत फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यांत काढलेली देवनागरी आवृत्ति होती. हा ग्रंथ आम्हीं पूर्वीं परीक्षेपुरता वाचला होता. म्हणजे प्रस्तावना आणि मराठी भाषेच्या गौरवाच्या त्या सुप्रसिद्ध ओव्या तेवढ्या वाचल्या होत्या. बहुतेक सुशिक्षित मराठी वाचकांचा या ग्रंथाशीं परिचय इतकाच असतो. या खेपेस तो सबंध वाचावयाचा असा संकल्प होता, आणि तो आमच्या इतर संकल्पांप्रमाणें अर्ध्यावरच राहिला असता. परंतु मध्यंतरीं एक लहानसा प्रसंग घडला व त्यामुळें ग्रंथांतील एका गोष्टीकडे आमचें लक्ष वेधलें. ती गोष्ट म्हणजे कॅथलिक धर्मांतील मुख्य मुख्य कल्पनांस मराठींत कोणतीं नांवें द्यावीं, हा प्रश्न.

आमचा एक जुना विद्यार्थी वसईकडील कॅथलिक आहे. हिंजवडीस नोकरी लागल्यापासून तो इकडे आला, आणि आतां पिरंगुटच्या बाजूस त्यानें स्वतःचें घर घेतलें. गृहप्रवेशाच्या दिवशीं धर्मगुरु घरीं येऊन विधि करणार होते. त्याचें निमंत्रण आम्हांस आलें; त्यावर 'पवित्र मिस्साबलिदान व गृहाशीर्वाद' असे शब्द छापलेले होते. आमच्याबरोबर शेजारचे एक गृहस्थहि निघाले. सरकारी खात्यांतून निवृत्त झालेले हे अभियंते. सर्व त्यांस रावसाहेब म्हणतात, म्हणून येथेंहि तसेंच म्हणतों. 'बलिदान' हा शब्द वाचून रावसाहेबांनीं गाडींतच विचारलें, "अहो, बळी कसला? जेवणाचें काय समजायचें?" आम्हीं त्यांस धीर दिला.

विधि मराठींत झाला, आणि मराठी शुद्ध होती. रावसाहेब एकाग्रतेनें ऐकत होते. मग धर्मगुरूंनीं ख्रिस्तप्रसादासाठीं पुढें यावें असें सुचविलें व घरचीं माणसें रांगेनें उठलीं. रावसाहेबहि उठले. देवळांत तीर्थाला धरतात तशी उजव्या हाताची ओंजळ करून ते रांगेंत उभे राहिले. आम्ही त्यांस मागें ओढणार तोंच त्यांची पाळी आली. धर्मगुरु क्षणभर थांबले. त्यांनीं त्या पसरलेल्या हातावर कांहीं ठेविलें नाहीं; रावसाहेबांच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि हलक्या आवाजांत "आपण मागाहून बोलूं" असें म्हटलें. रावसाहेब जागेवर येऊन बसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. विद्यार्थ्याची आजी शेजारीं बसली होती. ती त्यांना म्हणाली, "दादा, मनांत आणूं नका. आमचीं लहान पोरंसुद्धां शिकल्याबिगर घेत नाहींत. कम्युनियन आहे तें." म्हातारीनें 'प्रसाद' म्हटलें नाहीं हें आमच्या ध्यानांत राहिलें.

परततांना रावसाहेब घाट उतरल्यासारखे गप्प होते. शेवटीं म्हणाले, "बोलावून नेतात, प्रसाद म्हणतात, आणि हात पसरल्यावर देत नाहींत. प्रसाद कोणी नाकारतें काय?" हा प्रश्न सोपा नाहीं. आपल्या सत्यनारायणाच्या पोथींत तुंगध्वज राजा गोपाळांनीं दिलेला प्रसाद टाकून गेला म्हणून त्याचीं मुलें व संपत्ति गेली. तेथें प्रसाद न घेणें हा अपराध. येथें अधिकार नसतां घेणें हा अपराध. एकाच शब्दाच्या या दोन बाजू रावसाहेबांसारख्या सज्जन माणसास कशा कळाव्या? (प्रसाद आपल्याकडे सर्वांस सर्वकाळ मोकळा होता असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पंढरीचें देऊळ हरिजनांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींस १९४७ सालीं उपोषणास बसावें लागलें, हें रावसाहेबांस त्या दिवशीं सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.)

कॅथलिक श्रद्धा या विधीसंबंधीं काय म्हणते तें थोडक्यांत सांगतों. भाकर आणि द्राक्षारस यांवर धर्मगुरु ख्रिस्ताचीं वचनें उच्चारतो तेव्हां त्यांचें रूप, रंग, चव हीं जशींच्या तशीं राहतात, परंतु मूळ वस्तु पालटते. ती ख्रिस्ताचें शरीर व रक्त होते. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५५१ सालीं या पालटाचें लॅटिन नांव कायम केलें. ज्यांनीं न्यायवैशेषिक चाळलें आहे त्यांस द्रव्य व गुण या भेदाच्या साहाय्यानें ही कल्पना बरीच जवळ आणतां येईल. गुण तेच, द्रव्य निराळें. आतां, ज्याची ही श्रद्धा नाहीं त्यानें तें घेणें म्हणजे न मानलेली शपथ उच्चारण्यासारखें आहे. कॅथलिक माणसालाहि मोठें पाप मनांत असतां पापनिवेदन केल्यावांचून तें घेतां येत नाहीं. नैवेद्य आपण देवास दाखवितों व त्याचाच शेष प्रसाद म्हणून परत मिळतो. येथें देवच अन्न होतो, आणि तें ग्रहण करणारा 'मी या मंडळाचा' असें कबूल करितो. 'मिस्सा' हा शब्दहि पाहण्यासारखा आहे. लॅटिन विधीच्या शेवटीं जमलेल्यांस निरोप देण्याचें जें वाक्य असे, त्यांतील शब्दावरून सबंध विधीस हें नांव पडलें. निघतांना 'येतों' म्हणणाऱ्या मराठी माणसास निरोपावरून उपासनेचें नांव पडलेलें पाहून नवल वाटेल. पण नांवें अशींच पडतात.

मग 'ख्रिस्तप्रसाद' हा शब्द चूक म्हणावा काय? आमचें पहिलें मत तसें झालें होतें. हिंदींतहि कॅथलिक मंडळी 'परमप्रसाद' म्हणतात. तेव्हां ही योजना एकट्या मराठीची नव्हे. नंतर विचार केला तेव्हां मत थोडें पालटलें. ज्ञानदेवांच्या पसायदानांतील 'पसाय' म्हणजे प्रसादच, आणि तेथें त्याचा शिऱ्याशीं कांहीं संबंध नाहीं. तेथें प्रसाद म्हणजे देवाची प्रसन्नता, न मागतां व न कमावतां आलेलें देणें. लॅटिन शास्त्रकार ज्यास 'ग्रातिया' म्हणतात तें याहून दूर नाहीं. म्हणजे ज्ञानदेवांचा प्रसाद घेतला तर शब्द बरोबर, सत्यनारायणाचा घेतला तर चूक. दुर्दैव इतकेंच कीं, ऐकणाराच्या मनांत दोन्ही एकदम येतात, आणि त्यांतला शिऱ्याचा आधीं येतो.

घरीं येऊन ख्रिस्तपुराण पुन्हां उघडलें तें हा प्रश्न मनांत धरून. स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांत विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास झाला. १५७९ च्या ऑक्टोबरांत ते गोव्यास उतरले आणि १६१९ सालीं तेथेंच वारले. मधलीं चाळीस वर्षें बहुतेक साष्टी महालांत गेलीं. हा काळ व हें स्थळ सौम्य नव्हतें. इन्क्विझिशनचें न्यायासन १५६० पासून गोव्यांत बसलें होतें, देवळें पाडलीं गेलीं होतीं. १५८३ सालीं साष्टींतल्या कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले व मागाहून त्या गांवच्या प्रमुखांचा वध झाला. ज्या लोकांकरितां हें पुराण लिहिलें त्यांच्या पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या. ग्रंथाच्या आरंभींच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींस विनवितो कीं, आमचीं जुनीं पुराणें गेलीं, तर त्यांच्या जागीं रमण्यासारखें दुसरें कांहीं द्या. ही विनंति कवीची रचना असेल. तरी तिच्यामागील रिकामी जागा खरी आहे. ख्रिस्तपुराणाची स्तुति करणारे पुष्कळ जण ही बाजू झांकून ठेवतात, आणि निंदा करणारे तेवढीच दाखवितात. आम्हांस दोन्ही गोष्टी एकदम डोळ्यांपुढें ठेवल्यावांचून ग्रंथ वाचतांच आला नाहीं.

१६१६ सालीं राचोल येथें पहिली आवृत्ति छापली गेली. पुढें १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन निघाल्या. या तिन्हींपैकीं एकीचीहि प्रत आज उपलब्ध नाहीं. पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अवस्वर, मिळून दहा हजारांवर ओव्या, असा हा विस्तार आहे. मुखपृष्ठावरचें पोर्तुगीज नांव 'जगांत ख्रिस्ताच्या आगमनाविषयीं प्रवचन' अशा अर्थाचें होतें. आंत मात्र भाग पडले ते 'पहिलें पुराण' व 'दुसरें पुराण' असे. बाहेरचें नांव परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीं आणि आंतलें ऐकणाऱ्यांसाठीं, असा आमचा तर्क आहे. लिपीचीहि अशीच कथा. देशी लिपीचे टाइप पाडून छापण्यास अनुज्ञा द्यावी म्हणून स्टीफन्स यांनीं १६०८ सालीं रोमला आपल्या संघप्रमुखांस लिहिलें होतें. ती इच्छा पुरी झाली नाहीं व पुराण रोमन लिपींत निघालें. मंगळुरास १९०७ सालीं सालढाणा यांनीं काढलेली आवृत्तिहि रोमन लिपींतच होती. मराठीचा एवढा अभिमानी ग्रंथ मराठी वाचकाच्या अक्षरांत छापला जाण्यास बंडेलूंच्या आवृत्तीपर्यंत ३४० वर्षें लागलीं.

आतां शब्दांकडे वळूं. देवास स्टीफन्स निःशंकपणें 'परमेश्वर' म्हणतात. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणतात. 'मुक्ति', 'शास्त्र', 'गुरु', 'पुराण' हे शब्द त्यांस अस्पृश्य वाटत नाहींत. ज्या काळीं साष्टींत विष्णूचें देऊळ उभें ठेवण्याची मुभा नव्हती त्या काळीं विष्णूचें धाम ख्रिस्ताच्या बापाचें घर म्हणून त्या ग्रंथांत सुखरूप नांदत होतें. हा विरोध स्टीफन्स यांस जाणवला असेल काय, न कळे. परंतु सालढाणा यांच्या आवृत्तींत जो पाठ आहे त्यांत एक सीमारेषा स्पष्ट दिसते. बाप्तिस्मा, साक्रामेंत, क्रूस, पाद्री हीं आणि देवमाता, पवित्र आत्मा यांच्या संबंधींचीं कांहीं नांवें लॅटिन किंवा पोर्तुगीज वळणाचींच आहेत. ज्याला शब्दसंपत्तीची वाण नव्हती, ज्यानें ओवी अशी घोटविली कीं ज्ञानदेव-एकनाथांच्या घरांत तो वावरला असावा असें वाटावें, त्यास 'स्नान' हा शब्द सुचला नसेल हें संभवत नाहीं. सुचला आणि त्यांनीं टाकला.

याचें कारण आमच्या मतें असें. आकाश, देव, पाप, सुटका या गोष्टी सर्व माणसांस कमीअधिक ठाऊक आहेत. त्यांचे शब्द जुने घेऊन त्यांत नवा अर्थ हळूहळू भरतां येतो. वैकुंठ कसें आहे हें शेवटीं कथाच सांगणार. दहा हजार ओव्या त्यासाठींच आहेत. परंतु बाप्तिस्मा हें एका मंडळानें, एका दिवशीं, एका माणसावर करावयाचें ठराविक कृत्य आहे. त्यास 'स्नान' म्हटलें तर गंगास्नान, पर्वस्नान, सुतकाचें स्नान हीं सर्व त्याच्या मागून येतात, आणि हें स्नान जन्मांत एकदांच कां, हा प्रश्न विचारण्याचेंहि कोणास सुचत नाहीं. परका शब्द निदान दाराशीं थांबवितो. 'हें तुम्हांस ठाऊक असलेलें कांहीं नव्हे, विचारा' असें तो सांगतो. रावसाहेबांस धर्मगुरूंनीं 'प्रसाद' न म्हणतां म्हातारीचा शब्द ऐकविला असता, तर ते उठण्यापूर्वीं आमच्या कानाशीं लागले असते.

येथें दुसरा एक पाठ साक्षीस येतो आणि प्रकरण गुंतागुंतीचें होतें. लंडनच्या पौर्वात्य विद्यालयांत मार्सडेन यांच्या संग्रहांतील ख्रिस्तपुराणाची एक हस्तलिखित प्रत आहे. ती देवनागरींत आहे, आणि तींत पोर्तुगीज वळणाच्या पुष्कळ शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत. आपल्या संतकवींचीं भाषांतरें करणारे अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांनीं १९२० नंतरच्या दशकांत ही प्रत प्रकाशांत आणली, आणि हाच मूळ पाठ असें प्रतिपादिलें. पुढील अभ्यासकांनीं हें सर्वस्वीं मानलें नाहीं. ॲबट यांचें खरें धरलें तर स्टीफन्स यांनीं सगळेंच संस्कृतांत मांडलें होतें, व छापतांना साष्टीच्या लोकांसाठीं म्हणा, किंवा परवाना देणाऱ्यांसाठीं म्हणा, परके शब्द आंत आले. उलट धरलें तर मागाहून कोणा अज्ञात मराठी ख्रिस्ती लेखकानें, बहुधा पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या वाचकांसाठीं, एकेक परका शब्द खुडून त्याच्या जागीं आपला लावला. आम्हांस दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो, परंतु तें असो. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, सतराव्या-अठराव्या शतकांतच या दोन मार्गांचीं दोन पुस्तकें झालीं होतीं, आणि वसई-पुण्याकडील आजची मराठी ख्रिस्ती परिभाषा त्या हस्तलिखिताच्या मार्गानें चालली आहे.

छापील पाठाच्या मार्गाचें काय झालें तें गोव्यांत पाहावें. तेथील कॅथलिक कोंकणींत पापनिवेदनास 'कुमसार' व ख्रिस्तशरीर घेण्यास 'कुमगार' म्हणतात. दोन्ही पोर्तुगीज शब्दांचीं रूपें. पण ते इतके घासले गेले आहेत कीं बोलणाऱ्या बाईस ते परके आहेत अशी शंकाहि येत नाहीं. आपण पगार, चावी, बटाटा म्हणतांना लिस्बनची आठवण कोठें काढतों? उलट त्याच कोंकणींत नरकास 'येमकोंड' म्हणतात. म्हणजे यमाचें कुंड अजून ख्रिस्ती पाप्यांसाठीं तापत ठेविलेलें आहे. स्टीफन्स यांची सीमारेषा आज चारशें वर्षांनीं बोलींत जशीच्या तशी उमटलेली आहे : मरणापलीकडचें सर्व देशी, देवळांतलें सर्व परदेशी. ही योजना ज्यांनीं बुद्ध्याच केली त्यांच्या भाषाज्ञानाचें कौतुक करावें तेवढें थोडेंच.

तरी परक्या शब्दाची किंमत द्यावी लागते हेंहि खरें. ज्यास आंतला माणूस बाप्तिस्मा म्हणतो त्यास बाहेरच्या मराठी माणसानें 'बाटणें' हा शब्द चालविला. हा शब्द किती कठोर आहे याचा आपण विचार करीत नाहीं. बाटतें तें भांडें, बाटतें तें पाणी. विहिरींत पाव टाकून गांव बाटविल्याच्या कथा आपण लहानपणीं ऐकल्या; त्या ऐकतांना विहिरीचें पाणी प्यालेल्या माणसांस पुन्हां घरांत न घेणारे कोण होते, हें मात्र कोणी सांगितलें नाहीं. सक्तीनें धर्मांतर करविणाऱ्यांचा दोष याच्यानें कमी होत नाहीं. परंतु आंतल्यांचा शब्द बाहेरच्यास अगम्य राहिला कीं बाहेरचा आपला शब्द घालतो, आणि तो दयाळू नसतो. वसईच्या परिसरांतील ख्रिस्ती माणसाच्या चार शतकांच्या एकटेपणांत या शब्दाचा वांटा आहे असें आम्हांस वाटतें.

पंडिता रमाबाईंनीं हा पेंच दोन्ही टोकांनीं अनुभविला. १८८३ सालीं इंग्लंडांत वॉन्टेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेथील धर्मभगिनींनीं त्यांस दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरें होतीं. त्यांवर बाईंनीं हरकत घेतली. लॅटिन आमच्या संस्कृतापेक्षां अधिक पवित्र कशावरून, असा त्यांचा सवाल होता. हें वाचून वाटतें कीं पुढें बायबल मराठींत आणतांना त्या संस्कृताची लयलूट करितील. केडगांवीं मात्र त्यांनीं नेमकें उलट केलें. खेड्यांतील अशिक्षित बाईस समजावें ही त्यांची कसोटी, आणि मूर्तिपूजेच्या किंवा वेदांताच्या रंगांत बुडालेले शब्द टाळावे हा त्यांचा कटाक्ष. त्यांचें भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ सालीं बाहेर आलें. रमाबाई कॅथलिक नव्हत्या; पण प्रश्न तोच. स्टीफन्स परके होते म्हणून 'वैकुंठ' हातांत घेण्यास बिचकले नाहींत. रमाबाई वैकुंठांतूनच बाहेर आल्या होत्या; त्या शब्दाला कसला वास येतो तें त्यांस ठाऊक होतें. दोघांचेंहि आम्हांस पटतें, ही आमची अडचण आहे. नारायण वामन टिळकांचा मार्ग तिसरा. ते तुकोबांच्या पुलावरून आलों म्हणत, आणि पूल मोडण्याचें त्यांस कधींच सुचलें नाहीं.

प्रॉटेस्टंटांच्या एका शब्दाविषयीं बोलल्यावांचून राहवत नाहीं. 'जुना करार' व 'नवा करार' हीं नांवें आपल्या कानांस इतकीं सरावलीं आहेत कीं त्यांतला 'करार' हा सावकाराच्या व कचेरीच्या दप्तरांतला शब्द आहे हें ध्यानांत येत नाहीं. देवानें माणसांशीं बांधिलेलें नातें स्टँपाच्या कागदावर आलें. गंमत अशी कीं मूळ कल्पनेशीं हा शब्द इमानी आहे : दोन पक्ष, शर्ती, साक्ष, मोडल्यास दंड. संस्कृतांत शोधला असता तर याहून गोड शब्द मिळाला असता व याहून खोटा ठरला असता.

रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें (१९६२ ते १९६५) उपासना लोकभाषेंत आणण्यास मोकळीक दिली, आणि वसईकडील कॅथलिकांपुढें एकाएकीं शेंकडों शब्दांचें काम येऊन पडलें. तें त्यांनीं निष्ठेनें केलें. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें 'सुबोध बायबल', त्यांनीं अनेक वर्षें संपादिलेलें 'सुवार्ता' मासिक, हीं मराठी वाङ्मयाची कमाई आहे. २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें तें योग्यच झालें. 'शुभवर्तमान' हा शब्द तर असा आहे कीं त्याहून चांगला सुचविण्यास आम्हांस कोणी सांगूं नये. परंतु धर्मगुरु, धर्मभगिनी, धर्मप्रांत, धर्मग्राम ही सगळी पलटण एकाच गणवेषांत उभी केलेली पाहून सरकारी परिभाषाकोशाची आठवण येते. भाषाशुद्धीच्या चळवळींत सावरकरांनीं पुष्कळ शब्द घडविले. त्यांतले 'महापौर'सारखे रुजले आणि बाकीचे कोशांत झोंपले. शब्दाला तोंडें लागतात. 'धर्मग्राम'च पाहा. एका देवळाभोंवतीं एक गांव अशी वसईची वस्ती. तेथें हा शब्द शोभतो. मुळशी तालुक्यांत आमच्या विद्यार्थ्यासारखीं कुटुंबें नव्या वसाहतींत पाऱ्याच्या थेंबांप्रमाणें विखुरलीं आहेत. शेजारीं कोणी केरळचें, कोणी गोव्याचें, कोणी मंगळूरचें. त्यांचें मंडळ आहे, ग्राम नाहीं. त्यास विचारलें तर तो सरळ 'पॅरिश' म्हणाला.

उलट, कांहीं शब्द इतके आपले आहेत कीं त्यांतला भेद दोन्ही बाजूंस दिसत नाहीं. 'संत' हा त्यांतला मुख्य. वसईस जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ च्या फेब्रुवारींत जपानांत नागासाकी येथें क्रूसावर मारले गेले. त्यांस संत म्हणून जाहीर केलें तें १८६२ सालीं, म्हणजे २६५ वर्षांनीं. मध्यें चौकशा झाल्या, साक्षी झाल्या. असल्या प्रकरणांत उलट बाजू मांडण्यास एक अधिकारीहि पूर्वीं नेमलेला असे. १९८३ पर्यंत ती पद्धति होती. आपल्याकडे तुकोबांस संत कोणी ठरविलें? ज्या रामेश्वरभटांनीं आधीं विरोध केला तेच पुढें आरती करूं लागले, आणि महीपतींनीं चरित्र गाइलें. एवढेंच आपलें न्यायासन. कॅथलिकांचा संत हा निकाल लागलेला माणूस आहे, आपला संत हा लोकांच्या तोंडीं बसलेला माणूस आहे. म्हणून 'संतपद बहाल केलें' हें वृत्तपत्रांतलें वाक्य वारकऱ्याच्या कानास विचित्र लागतें. पद कसलें आणि बहाल कोण करणार? रोमचें उत्तर असें कीं, आम्ही कोणास संत करीत नाहीं, तो देवाजवळ पोंचला आहे एवढें खात्रीनें सांगतों. हें उत्तर आम्हांस आवडलें. पण तें मराठी शब्दांत मावलेलें नाहीं.

आम्ही हें सर्व शहाणपणानें लिहीत आहों, तेव्हां आमची स्वतःची एक चूक कबूल करणें भाग आहे. इंग्रजी काव्य शिकवितांना 'निष्कलंक गर्भधारणा' या मतलबाचा शब्द आला कीं, पुरुषसंबंधावांचून झालेला येशूचा जन्म, असा अर्थ आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत सांगत होतों. एके वर्षीं तासानंतर एक कॅथलिक विद्यार्थिनी भीतभीत म्हणाली, "सर, तो येशूविषयीं नाहीं, मरिया स्वतः आपल्या आईच्या पोटीं आली तेव्हांपासून आदिपापापासून मुक्त होती, असा त्याचा अर्थ आहे." पुस्तक उघडून पाहिलें. रोमनें १८५४ सालीं हें मत निश्चित केलें तें याच अर्थानें. मुलीचें खरें होतें. इंग्रजींत पदवी घेतलेल्या आम्हां लोकांस या शब्दांची इंग्रजी रूपें ठाऊक असतात, आणि त्यामुळेंच त्यांचे अर्थ ठाऊक आहेत असें आम्हांस वाटतें. रावसाहेबांची चूक निदान नम्रतेची होती. त्यांनीं हात पसरला होता.

ख्रिस्तपुराण आम्हीं शेवटपर्यंत वाचलें. कथनाचा भाग कोठें कोठें फार लांबतो, आणि सिद्धान्त सांगूं लागला कीं ओवी चालेनाशी होते. दुःखभोगाचे अवस्वर मात्र एका दमांत वाचले जातात. तेथें परका शब्द कोणता व देशी कोणता हें पाहण्याचें आमचें व्रत दोन वेळां मोडलें. कॅरिदाद द्रागो यांची १९९६ ची व नेल्सन फल्काव यांची २००९ ची, अशा आणखी दोन देवनागरी आवृत्ति आतां मिळतात. दुसरींत आजच्या मराठीतलें गद्य रूपांतरहि दिलेलें आहे, तेव्हां जुनी भाषा अडते ही सबब सांगण्याची सोय उरली नाहीं.

आमची प्रत सध्यां रावसाहेबांकडे आहे. त्या दिवसानंतर आठवड्यानें तो धर्मगुरु, म्हटल्याप्रमाणें, त्यांच्याकडे चहाला येऊन गेला. दोघे दीड तास बोलत होते असें कळलें. परवां रावसाहेबांची चिठ्ठी आली. पुस्तक आणखी पंधरा दिवस ठेवीन म्हणतात, आणि खालीं एक ओळ घातली आहे : "तुमच्या विद्यार्थ्याच्या आजीला विचारून ठेवा, त्यांच्या पोथींत वैकुंठ चालतें, तर प्रसाद कां अडला?"